कानबाईची सव्वा मूठ

हंसाबेन. हे नाव आधी लिहिते, बाकीचं मागून. पोथीच्या पहिल्या पानावर देवाचं नाव असतं, तसं माझ्या या लिहिण्यात पहिलं नाव त्यांचंच असायला हवं. सुरतेत एका धर्मादाय दवाखान्यात कसरतीची खोली आहे. कुणाचं हाड मोडून, कुणाच्या अंगावरून वारं जाऊन, कुणाची शीर दबून हातपाय अडकून बसलेले असतात, ते तिथे हलते करतात. हंसाबेन त्या खोलीच्या बाई. त्या काही साधुसंत नाहीत. सुती साडी, वर पांढरा कोट, तोंडात बडीशेप, आणि उजव्या अंगठ्याला कायम एक मळकट पट्टी गुंडाळलेली. पेशंट कसरत चुकवायला लागला की चांगल्याच रागावतात. पण कानबाई मायनं मला माझा हात परत दिला तो यांच्या हातून दिला, अशी माझी समजूत आहे. ती खरी की खोटी, हे मी कुणाला पटवायला बसलेली नाही. जसं झालं तसं सांगते. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे सांगण्यात मागेपुढे होईल. अक्षर मात्र बघा, बरं आलंय. त्याच हातानं लिहिते आहे.

आमचं गाव खानदेशात, तापीच्या काठी. लग्न झालं त्याच वर्षी आम्ही सुरतेला आलो. बमरोलीत एक खोली, हे कापडाच्या लूमवर कामाला, मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. दोन्ही दीर, चुलत सासऱ्यांचं घर, सगळी आमची माणसं याच दोन-तीन गल्ल्यांत. गावी राहिल्या त्या एकट्या सासूबाई, आणि त्यांच्यापाशी आमची कानबाई. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं, कानबाई ही आमची घरची देवी. नारळाच्या रूपात तिला पुजतात, डोळे बसवतात, नथ घालतात, साडी नेसवतात. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी ती चौरंगावर बसते आणि सोमवारी नदीवर तिची पाठवणी होते. तिच्या नैवेद्याला रोट लागतात, आणि रोटांचे गहू आदल्या दिवशी मुठीनं मोजून काढतात. घराण्यात जेवढे पुरुष, अगदी पाळण्यातलं पोर धरून, तेवढ्यांच्या नावानं प्रत्येकी सव्वा मूठ. ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. आमच्याकडे ही मूठ थोरली सून घेते. उजव्या हातानं, घट्ट वळून, एक दाणा न सांडता. निदान सासूबाईंनी मला असंच शिकवलं होतं.

प्लेगच्या धास्तीनं सुरत रिकामी झाली तेव्हा आम्हीही गावी पळालो होतो. सगळं निवळल्यावर परत आलो आणि त्याच हिवाळ्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवसांत मी गावी त्यांच्याजवळ होते. एकदा माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आते मूठ तुनी." म्हणजे आता मूठ तुझी. मी मान डोलावली. पण मनात काय आलं ते मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही, ते इथे लिहिते. मनात आलं, माय, ही मूठ माझ्यावर नको येऊ देऊ. मी मुळातच घाबरट बाई. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते. आमच्या घराण्यात बारा पुरुष. एखाद्याच्या नावाची मूठ माझ्या हातून सैल पडली, दाणे सांडले, आणि वर्षभरात त्याला काही झालं तर? सासूबाई गेल्या. कानबाईचा नारळ आम्ही सुरतेला आणला, कारण आता सगळी माणसं इथेच होती. आणि होळी होऊन दोन दिवस झाले असतील, गल्लीतल्या नळावर शेवाळावरून माझा पाय घसरला. पडताना उजवा हात खाली टेकला गेला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. सगळे हळहळत होते. मी मात्र भिंतीकडे तोंड करून एकच विचार करायची. मी मागितलं होतं ना मूठ नको म्हणून? देवीनं ऐकलं.

आखाजीच्या सुमाराला प्लास्टर निघालं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण, माहेरी जायचं, झाडाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची. मला झोक्याची दोरीच धरता येणार नव्हती, म्हणून मी गेले नाही. प्लास्टरखालून निघालेला हात मला माझा वाटेना. सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, सारखा घामेजलेला, आणि बोटं झाडूच्या काड्यांसारखी सरळ. प्लास्टर काढणाऱ्या डॉक्टरांच्या दाराशी मोठी रांग होती. त्यांनी भराभर काही समजावलं, इंग्रजीत एक कागद लिहून दिला आणि विचारलं, समझ गयी? मी म्हटलं, हां साहेब. समजलं काहीच नव्हतं, पण पुन्हा विचारायची लाज वाटली. घरी येऊन तो कागद देव्हाऱ्यात कानबाईच्या नारळाखाली ठेवला. माझ्या लेखी ते उपचार संपल्याचं पत्र होतं.

आणि त्याच वेळी हात जोडून, म्हणजे डावा हात उजव्याला लावून, मी बोलून गेले. माय, माझं चुकलं. हा हात आता तुझा. श्रावणात तुझी मूठ घेईपर्यंत मी या हातानं दुसरं कुठलंही काम करणार नाही. आमच्याकडे देवासाठी काढून ठेवलेलं कुणी वापरत नाही. देवीचे गहू वेगळ्या डब्यात, देवीची साडी वेगळ्या पेटीत, त्याला उष्टा हात लागू देत नाहीत. तसाच मी माझा हात काढून ठेवला. जुन्या लुगड्याची झोळी करून गळ्यात बांधली आणि हात तिच्यात ठेवून दिला. भाकरी डाव्या हातानं, केर डाव्या हातानं, वेणी जावेकडून. टिकल्यांचं काम सुटलं. शेजारणी म्हणायच्या, काय हिची भक्ती आहे. मला ते ऐकून बरं वाटायचं, हेही खरंच लिहायला हवं.

असा दीड महिना गेला. झोळीतला हात मी दिवसातून एकदा बाहेर काढून बघायची. तो दिवसेंदिवस अधिकच लाकूड होत चालला होता, आता खांदासुद्धा वर उचलेना. आमच्या चुलत सासूबाईंना सगळे जिजी म्हणतात. सासूबाईंच्या मागे घराण्यात वडीलधाऱ्या त्याच. एक दिवस त्या आल्या आणि म्हणाल्या, वळून दाखव मूठ. मी जोर केला, बोटं जरा थरथरली, वळली नाहीत. जिजींनी नुसता पदर सारखा केला. पण मला माहीत होतं त्या काय मोजत होत्या. थोरलीचा हात नसेल तर त्या वर्षी रोट होत नाहीत, आणि रोट एकदा खंडले की पुन्हा सुरू करणं सोपं नसतं. पिढ्यानपिढ्या चालत आलेलं माझ्यापाशी येऊन थांबणार. मी देव्हाऱ्यासमोर बसून विचारायची, माय, हात तुझ्यासाठीच ठेवला ना, मग तूच का असा वाळवते आहेस? उत्तर कुठून येणार? कागद तर नारळाखाली होता.

जूनमध्ये धाकट्या जावेच्या बाळाला डोस द्यायचा होता. ती एकटी शहरात जायला बिचकते, म्हणून मी सोबतीला गेले. म्हणजे एक घाबरट दुसऱ्या घाबरटीच्या सोबतीला. दवाखाना मोठा, दारं पुष्कळ, आणि प्रत्येक दारावर गुजराती पाटी. मला देवनागरीच अडखळत वाचता येते, तिथे गुजराती कुठून वाचणार? जाऊ बाळाचा कागद करून घ्यायला खिडकीशी उभी राहिली आणि मला म्हणाली, वहिनी, डोसच्या बाकड्यावर जागा धरून ठेवा. मला एक बाकडं दिसलं, मी जाऊन बसले. शेजारी एक म्हातारे काका काठी घेऊन बसलेले, पलीकडे मानेला पट्टा लावलेली एक बाई. एवढ्यावरून कळायला हवं होतं की इथे बाळांना डोस देत नाहीत. पण मी आपली जागा धरून बसले, इमानदारीनं.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि पांढऱ्या कोटातल्या एक बाई बाहेर आल्या. नजर थेट माझ्या झोळीवर. चला, तुमचा नंबर, असं म्हणून त्यांनी मला उठवलं. मी गडबडून सांगितलं की मी पेशंट नाही, बाळाच्या डोससाठी बसले आहे. त्यांनी झोळीकडे बोट केलं.

"पेशंट नथी? तो आ हाथ कोनो छे? पाडोशीनो?"

काठीवाले काका हसले. मलाही हसू आलं, कारण बाई खोटं काय बोलल्या होत्या? दीड महिना मी तो हात शेजारणीनं सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखाच तर गळ्यात घालून हिंडत होते. जाऊ मला शोधत तिथे येऊन पोचली, तिला त्यांनी डोसचं दार दाखवून दिलं आणि मला आत नेलं. त्याच हंसाबेन. त्या आपल्या गुजरातीत बोलायच्या, मध्ये हिंदी, मध्ये चार शब्द मराठी. मला जसं कळलं तसं मी मराठीत लिहिते.

झोळी सोडून त्यांनी हात उशीवर ठेवला, उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, हा कधीपासून असा बांधून ठेवला आणि कुणी सांगितलं. मला खोटं बोलता येईना. मी सांगितलं की कुणी सांगितलं नाही, हा हात आमच्या देवीसाठी काढून ठेवला आहे, श्रावणापर्यंत वापरायचा नाही असं मी बोलले आहे. मला वाटलं आता या हसतील, नाहीतर रागावतील. त्या दोन्ही करू शकल्या असत्या. पण त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या देवीचा दिवा आहे ना घरात, पितळेचा? तो रोज घासता की तसाच ठेवता?" मी म्हटलं, रोज घासते. "मग हासुद्धा घासावा लागेल. न घासलेला दिवा माताजीला कसा चालेल? उद्यापासून इथे आणत जा." एवढंच बोलल्या आणि लाकडी पट्टी घेऊन मधल्या बोटाच्या टोकापासून तळहातापर्यंतचं अंतर मोजायला लागल्या. पट्टीवर पाच सेंटिमीटर भरले. मला पाच हा आकडा तापीच्या पात्राएवढा वाटला. त्या म्हणाल्या, "आटलुं ज बाकी छे." एवढंच बाकी आहे.

मग विचारलं, डॉक्टरांनी काही कागद दिला होता का. दुसऱ्या दिवशी मी देव्हाऱ्यातला कागद काढून नेला. त्याला कुंकू लागलं होतं, एक कोपरा तेलकट झाला होता. हंसाबेननी तो वाचला. त्यावर लिहिलं होतं की या बाईंना लगेच कसरतीसाठी पाठवा. आणि ज्या खोलीत पाठवायला लिहिलं होतं, ती हीच खोली. दीड महिना आधी मी ज्या दाराशी यायला हवं होतं, त्या दारासमोरच्या बाकड्यावर मी चुकून येऊन बसले होते. हंसाबेन म्हणाल्या की या बाजूला गरिबांसाठी अशी दुसरी खोलीच नाही, सगळे डॉक्टर इथेच पाठवतात. तेही खरंच असेल. पण तो कागद इतके दिवस कानबाईच्या नारळाखाली होता. मी अडाणी, मला तो वाचता आला नाही. जिच्याखाली ठेवला तिनं तो वाचला, असं मला वाटून गेलं. कागदावरचं कुंकू बोटाला लागलं होतं ते कपाळाला लावलं.

मग रोजचं जाणं सुरू झालं. आधी मेणाचा शेक. पातळ केलेल्या कोमट मेणात हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा, की हातावर पांढरा मोजा तयार होतो. वरून टॉवेल गुंडाळून ठेवतात. मेण सोललं की खालची कातडी बाळाच्या अंगासारखी मऊ झालेली. त्यानंतर हंसाबेन माझं एकेक बोट हातात घेऊन वळवायच्या, आणि खरी परीक्षा तिथे होती. त्यांनी बोटाला हात लावला की मी खांद्यापासून सगळा हात ताठ करायची, श्वास धरायची, दात आवळायची. दुखण्याच्या आधीच दुखण्याची तयारी. त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, "हाथ ढीलो मूको, बेन." हात सैल सोडा. मी म्हणायची सोडलाय, आणि त्या माझं कोपर खालून सोडून द्यायच्या, तर हात हवेत तसाच उभा. हा सोडलेला हात? असं विचारून स्वतःच हसायच्या. दिवसातून वीसदा तेच वाक्य. दुखलं तर ओरडा, पण धरून ठेवू नका, तुम्ही धरून ठेवलं तर मी काय करणार?

ते वाक्य माझ्यामागे घरी यायला लागलं. भाकरी थापताना, पाणी भरताना, कुलूप दुसऱ्यांदा ओढून बघताना. मी लहानपणापासून देवापुढे डोकं ठेवत आले, माय तूच बघ म्हणत आले, पण आतून सगळं धरूनच ठेवलेलं होतं. तोंडानं सोडलं आणि कोपर हवेत. हे मला कुठल्या कीर्तनात कळलं नाही, मेणाच्या वासाच्या त्या खोलीत कळलं.

एकदा घरी मी डाव्या हातानं उजवी बोटं जोर करून दाबली, श्रावण जवळ येत होता म्हणून. हात रात्रीतून सुजला, दोन दिवस कसरत बंद करावी लागली. हंसाबेन त्या दिवशी खरंच रागावल्या. ही मारामारी नाही, बोटांशी भांडून बोटं वळत नाहीत, असं सगळ्या पेशंटांसमोर ऐकवलं. मी रडले. मग त्यांनीच पदरातून बडीशेप काढून दिली.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मेण सोलून झाल्यावर त्यांनी टेबलाखालून पत्र्याचा मोठा डबा ओढला, झाकण काढलं आणि म्हणाल्या, आता हात यात घालायचा, मूठ वळून भरून घ्यायची आणि या परातीत सोडायची, पन्नास वेळा. मी आत बघितलं. डब्यात गहू होते. माझा हात आपोआप मागे आला. मी त्यांना देवीसाठी हात ठेवला एवढंच सांगितलं होतं. मूठ, गहू, रोट, यातलं अक्षरही नाही. सुरतेतल्या एका गुजराती बाईला आमच्या घराण्याची रीत कोण सांगणार? मी विचारलं, गहूच का? त्यांनी अगदी साधं उत्तर दिलं. आधी तांदूळ ठेवले होते, ते उंदरांनी खाल्ले, मग शेजारच्या रसोड्यातून, म्हणजे स्वयंपाकघरातून, गहू मागून आणले आणि हा डबा घेतला. सगळ्यांना हेच देते, यात बोटं चांगली चालतात. खरंच, काठीवाल्या काकांच्या सूनबाईही आदल्या आठवड्यात त्याच डब्यात हात घालून बसल्या होत्या, माझंच लक्ष नव्हतं. म्हणजे चमत्कार म्हणावा असं काही नाही. पण मी तो हात गव्हात घातला तेव्हा मनगटापर्यंत गार गार वाटलं, आणि सासूबाईंच्या कोठीघराचा वास आला. त्या दिवशी मी हंसाबेनना सगळं सांगितलं. बारा पुरुष, सव्वा मूठ, आणि ते मनात आलेलं वाक्यही, जे ह्यांना सांगितलं नव्हतं. त्या ऐकत होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, बोलता बोलता हात चालू ठेवा.

श्रावण आला. पट्टीवरचे पाच सेंटिमीटर तीन झाले, दोन झाले, आणि कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी एकावर येऊन थांबले. दुसऱ्या दिवशी गहू काढायचे होते. मी हंसाबेनना मूठ दाखवली. बोटांच्या टोकांत आणि तळहातात अजून एक बोट जाईल एवढी फट होती. माझा चेहरा पडला असेल. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली.

"रिकामी मूठ मिटत नाही म्हणून रडता? उद्या काय रिकामी मूठ वळायची आहे? मध्ये गहू असतील ना."

मी घरी येईपर्यंत बसमध्ये तेच घोळवत होते.

शनिवारी सकाळी न्हाऊन आम्ही बायका जमलो. खाली स्वच्छ फडकं अंथरलं, वर परात, शेजारी गव्हाचं पोतं. जिजी समोर बसल्या, एकेक नाव घ्यायला. पहिलं नाव चुलत सासऱ्यांचं, मग ह्यांचं, मग दिरांचं. चार मुठी बऱ्या गेल्या. पाचवं नाव मोठ्या पुतण्याचं आलं आणि माझ्या डोक्यात जुनं भूत उठलं, हा लूमवर नवीनच लागला आहे, याची मूठ सैल पडली तर? झालं. खांदा ताठ, श्वास बंद, बोटं लाकडं. उचललेल्या मुठीतून गहू फटीतून वाहायला लागले, परातीच्या बाहेर, फडक्यावर, माझ्या मांडीवर. मला जिजींकडे बघायची हिंमत होईना.

जिजींनी वाकून फडक्यावरचे दाणे गोळा केले आणि परातीत टाकले. मग म्हणाल्या, "तुनी सासूबी सांडे. नहीतं मंग खाले फडकं कसाले आंथरतस?"

तुझी सासूसुद्धा सांडायची. नाहीतर मग खाली फडकं कशाला अंथरतात? जावेला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. आणि मी त्या फडक्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं दर श्रावणात गावी गेले की ते मीच धुऊन वाळवून द्यायची, आणि कधी मनात आलं नाही की ते कशासाठी असतं. रीत लावणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं की माणसाच्या मुठीतून सांडणार. सांडलेलं झेलायची सोयही त्यांनीच करून ठेवली होती. मी उगाच सगळं एकट्या हातावर घेऊन बसले होते.

मी श्वास सोडला. खांदा सोडला. कानात शब्द आले, ढीलो मूको. पाचवी मूठ पुन्हा घेतली, आणि बोटं गव्हाभोवती अशी मिटली, जशी झोपलेल्या बाळाची मिटतात. पुढच्या मुठी कशा गेल्या मला कळलंही नाही. थोडे दाणे सांडले, जिजींनी उचलले. बारावं नाव डोस घेतलेल्या त्या बाळाचं. त्याचीही झाली. जिजींनी पोत्याचं तोंड बांधायला घेतलं, आणि मी म्हटलं, थांबा, आणि हात पुन्हा आत घातला.

"बारा व्हयन्यात," जिजी म्हणाल्या. "आते हाई कोनी?"

"आपला घरनीच शे एक."

बारा झाल्या, आता ही कुणाची, या प्रश्नाला घरचीच आहे एक, एवढंच मी म्हटलं. नाव घेतलं नाही. बाईच्या नावानं मूठ घेत नाहीत, बाहेरच्याच्या नावानं तर नाहीच, हे मला माहीत होतं आणि जिजींना तर माझ्याहून जास्त माहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे बघितलं. रोज सकाळी मी कुठे जाते हे त्यांना ठाऊक होतं. "मंग भरीसन ले," त्या म्हणाल्या. "अर्धी नको लेऊ." मी भरून घेतली. त्या एका मुठीतून दाणा सांडला नाही, पण त्याचं मला आता काही वाटत नाही.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी आम्ही तिला तापीवर नेलं. नदी तीच, गावावरून वाहत येणारी, सुरतेत फक्त रुंद झालेली. नारळ डोक्यावर धरायला मला दोन्ही हात मिळाले. मंगळवारी एक रोट आणि वाटीभर खीर घेऊन मी दवाखान्यात गेले. घरच्यांचा प्रसाद घरच्या माणसाला द्यायला कुणाची आडकाठी नव्हती, हंसाबेनची मूठ घेतलेली होती. हंसाबेननी हात धुतले, रोट कपाळाला लावला आणि मोडायला गेल्या. रोट जाड असतो. त्यांच्यानं मोडेना. पट्टीतला अंगठा दाबताच त्यांचा चेहरा कसनुसा झाला, आणि त्यांनी तो पटकन कोटाखाली लपवला. मी रोट त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या उजव्या हातानं मोडून दिला. तेव्हा त्यांनी सांगितलं की इतकी वर्षं लोकांची बोटं दाबून दाबून त्यांचा स्वतःचा अंगठा गेला आहे. मी विचारलं, मग तुम्ही कसरत का करत नाही? त्या खीर खात म्हणाल्या, "मने कोण करावे?" मला कोण करून घेणार?

त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही, कारण खोलीत पेशंट होते आणि मला भीड वाटली. आता लिहिते. हंसाबेन, माझ्या मुठीतली फट अजून अर्ध्या बोटाएवढी आहे, पण मी त्या हातानं भाकरी थापते, टिकल्या चिकटवते, दर श्रावणात तेरा मुठी घेते. मी शिकलेली नाही, तुमच्यासारखं मला काही येत नाही. पण तुम्ही माझ्या हाताला जे जे केलंत ते माझ्या हाताच्या लक्षात आहे. ज्या दिवशी तुमचे हात थकतील, त्या दिवशी मला निरोप द्या, मी असेन तिथून येईन. मेण कोमट करीन, गव्हाचा डबा ओढीन, एकेक बोट हातात घेईन. तुम्ही नक्की ताठ धराल, कारण डॉक्टर लोक सगळ्यांत वाईट पेशंट असतात असं तुम्हीच सांगायचात. मी रागावणार नाही. नुसती म्हणेन, हाथ ढीलो मूको, बेन.